पाय पुढे

डॉक्टर म्हणाले, सायकल विसरा.
चौथा आणि पाचवा मणका
घटस्फोट झालेल्यांसारखे एका घरात राहतायत.
मी म्हटलं, बरं.

बरं म्हणून यासीनभाईकडे गेलो.
त्यानं दोन मोडक्या सायकली,
आमच्या गच्चीवरल्या आरामखुर्चीचं कापड
आणि माझ्या ग्रॅच्युइटीचा एक लचका
वेल्डिंगच्या निळ्या उजेडात जोडला.
साहेब, ही सायकल नाही, खाट आहे, तो म्हणाला,
पण ब्रेक चांगले लावलेत.

तेव्हापासून मी दांडिया बाजारातून आडवा जातो.
पाय पुढे, पाठ रेललेली,
माझेच दोन गुडघे
आळीपाळीनं सूर्याच्या आड येतात.

पहिल्या दिवशी कोठीच्या चौकात
एका बाईनं मेथीची पिशवी टाकली आणि धावली,
काका, पडी गया?
दोघांनी मला उचललंही.
उचलल्यावर त्यांना कळेना, ठेवायचं कुठे.

एकतीस वर्षं रावपुऱ्यातून कचेरीत गेलो
पुढच्याच्या मडगार्डकडे बघत.
आता वर बघायला मान उचलावी लागत नाही.
सज्जाखाली लाकडी पोपट, पोपटाच्या चोचीत विजेची वायर,
तिसऱ्या मजल्यावर पापड घालता घालता कुणी
पुटपुटतंय. हिशेब असेल.
आणि माणसं! खालून माणसं निराळीच.
हनुवटीखाली वस्तऱ्यातून सुटलेले खुंट,
शिंक दाबणाऱ्या नाकपुड्या.
एकजण हेल्मेटच्या आत रडत होता,
ते फक्त मला दिसलं.

बसचा सायलेन्सर मात्र थेट तोंडात.
रात्री उशीवर काळं उमटतं,
शालन माझे अभ्रे वेगळे धुते.
तिनंच पतंग लुटायच्या काठीला
पोपटी ब्लाऊजपीसचा झेंडा शिवून दिला,
ट्रकवाल्यांना दिसावा म्हणून.
हवालदारानं अडवलं, आ झंडो कया पक्षनो?
घरचा, म्हटलं. सोडलं त्यानं.

जानेवारीत मांजा गळ्याच्या उंचीवर फिरतो.
स्कूटरवाले रुमाल गुंडाळून, जीव मुठीत धरून जातात.
मी त्याच्या खालून जातो.
नुसती झेंड्याची चिंधी कापली गेली एकदा.

काळा घोड्याच्या पुलावर कठड्याला माणसं लागलेली,
खाली विश्वामित्रीत काहीतरी उन्हाला पडलं असावं.
एक पोरगं वळलं नि किंचाळलं, मम्मी, मगर!
मीही दचकून मागे पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.

गेल्या मंगळवारी भुतडी झांपाच्या सिग्नलला
शववाहिनी येऊन शेजारी थांबली.
काचेआड चारजण, गुडघ्याला गुडघा लावून,
आणि मध्ये एक, आडवा, पाय पुढे.
त्यातल्या एकानं खाली माझ्याकडे बघितलं,
मग आत, मग पुन्हा खाली.
हसू फुटलं त्याला. उपरण्यात पुसून टाकलं त्यानं.
बापाला नेत असेल.

वरचा आकडा उतरत होता, बावीस, एकवीस.
मला वाटलं जागच्या जागी पेडल फिरवावं, उलटं,
उगाच, फरक दिसावा म्हणून.
उलटं फिरवलं की चेन कुरकुरते. कुरकुरली.
काचेवर माझा झेंडा हलत होता, 
नेमका त्या पांढऱ्या पायांवरून.

सात. सहा. मागून सगळे हॉर्न एकदम.
हिरवा पडला. मी घंटी वाजवली,
सवयीनं, दुसरं काही नाही.
शववाहिनीच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून
मागची रिक्षा थोपवली
आणि मला म्हणाला,
जाव काका, पहेलां तमे.