समुद्रापलीकडचं झाड

तिसऱ्या सत्रात शिकवलं, निलगिरी पाणी पिते.
प्राध्यापक यिर्गांनी फळ्यावर मुळं काढली,
खाली, आणखी खाली, खडू मोडेपर्यंत,
आणि शेजारी लिहिले रोजचे लिटर.
हिरुतने विचारलं, हात का थांबला तुझा?
म्हटलं, पेन सुकलं.

आमच्या गोज्जामच्या पठारावर तिला म्हणतात बहिर झाफ,
समुद्रापलीकडचं झाड.
समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला नाही.
मी जन्मले त्या वर्षी बापाने
जवाच्या शेताच्या वर, झऱ्याच्या डोक्याशी
रोपं लावली. मग रांगेमागून रांग पडत गेली:
एक दहावीची,
एक बसभाड्याची आणि घोंगडीची,
एक या वहीची.

झरा आटला तेव्हा मी सातवीत होते.
आई म्हणाली, मरियमची मर्जी,
आणि पिवळा कॅन पाठीला बांधून
पलीकडच्या गावाकडे निघाली.

प्रात्यक्षिकाला आम्ही ओघळीत सळ्या ठोकल्या.
पावसाळ्यानंतर जाऊन पाहायचं,
किती मिलिमीटर उघडी पडली सळई,
म्हणजे तेवढी माती गेली.
कुठे गेली? सुदानच्या धरणात,
बिनापासपोर्ट.
एक गुराखी पोरगा काठी टेकून बघत होता.
मोजून झाल्यावर परत आणता का, म्हणाला.
यिर्गा हसले. आम्ही आकडे लिहीत राहिलो.

सुट्टीत गेले तर कुऱ्हाडीला धार लागलेली.
शेवटची रांग, शेवटचं वर्ष.
मी प्रबंधाचा विषय सांगितला, अडखळत:
झऱ्यांच्या माथ्यावरची निलगिरी काढणे.
बाप म्हणाला, म्हणजे तोडायचीच ना?
मग भांडण कसलं?

भांडण बुंध्यांचं.
तोडलेल्या निलगिरीला चार फुटवे येतात,
पान एकशे बारा.
त्याला ते पुस्तकाआधी ठाऊक होतं,
त्या फुटव्यांवरच तर मी शिकले.

तो बराच वेळ बोलला नाही.
मग कुऱ्हाड ठेवून त्याने कुदळ घेतली.

दिवस मावळेपर्यंत एकच बुंधा निघाला,
झऱ्याला सगळ्यात जवळचा.
मूळ फळ्यावरच्यापेक्षा लांब होतं,
आणि वाकडं.
आईने खड्ड्यात उतरून तळाला हात लावला.
ओल आहे का, कुणी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.
हात मात्र तिने लुगड्याला पुसला नाही,
तसाच उघडा धरून
घरापर्यंत आली.