काळ्या दगडावरची रेघ

अक्षराला साडेतीन पौंड.
टिंबांचे, रेघांचे, आणि अक्षरांच्या खांद्याशी लोंबणाऱ्या
त्या अपॉस्ट्रॉफीचे मी काही घेत नाही.
वडीलही घेत नसत.

रेडरूथच्या मागल्या गल्लीत आमचं दुकान.
डेलाबोलची पाटी, काळसर निळी,
पुसता न येणारी.
कागदावर ध चा मा झाला तर खोडता येतो.
इथे एक घाव चुकला
की तो माणूस पहिल्यापासून लिहायचा, नव्या दगडावर,
आपल्या खर्चानं.

म्हणून वडील छिन्नीला धार लावता लावता
मला घोकायला लावायचे:
पीस दोन आहेत, जेगो.
ई-ए चा पीस म्हणजे शांती, तो मेलेल्यांना.
आय-ई चा म्हणजे तुकडा, तो पेस्टीचा.
पास्ट म्हणजे गेलेला काळ,
पास्ड म्हणजे गेला तो माणूस.
लूज करताना एकच ओ: चावी, पैज, नवरा.
दोन ओ आले की लूस: दात, बटण, बाजारातली जीभ.
आणि इट्सवरचं ते शेपूट
फक्त 'इट इज' म्हणायचं असेल तेव्हा.
कुत्र्याच्या शेपटीला ते लागत नाही.
लोक रडत येतात, पोरा.
स्पेलिंग आपण सांभाळायचं.

सांभाळलं.
तीस वर्षं, मुकाट्यानं,
कुणाच्या दुःखावर लाल रेघ न मारता.

मग एका फेब्रुवारीत लव्हडे अँगोव्ह आली.
ओला कोट, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
आत चिठ्ठ्या. सिगारेटच्या पाकिटावर, बिलामागे,
घोड्यांच्या शर्यतीच्या तिकिटावर.
हेडली पहाटे व्हील टॅम्सिनला निघताना
किटलीखाली ठेवायचा. सगळ्यांवर तेच:
युअर माइन.
"हेच कोर," म्हणाली. "त्याच्या नावाखाली."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
म्हटलं, लव्हडे,
वाय-ओ-यू-आर म्हणजे तुझा, तुझी, तुझं.
त्याला म्हणायचं होतं, तू माझी आहेस.
त्याला शेवटी एक ई लागतो,
आणि आरच्या आधी शेपूट.
हे असंच कोरलं
तर अर्थ होतो: तुझी खाण.

ती गप्प.
मग अशी हसली, की टेकायला
दुसऱ्याच कुणाच्या तरी दगडावर बसली.
"एकतीस वर्षं उतरला तो तिच्यात.
कंपनी म्हणायची आमची, बँक म्हणायची आमची,
शेवटी पाणी भरलं तेव्हा कुणाचीच नाही म्हणाले.
आणि हा मेला रोज सकाळी
ती माझ्या नावावर करून जायचा!"
डोळे पुसून म्हणाली,
"ई नको. शेपूट नको."

कोरलं.
यू संपला तिथे हात तीनदा थबकला,
वडिलांच्या सवयीनं.

एक निवृत्त हेडमास्तर, मिस्टर प्रिस्क,
कौन्सिलला पत्र लिहून मोकळे झाले:
दफनभूमीत अशुद्ध इंग्रजी,
हा प्रिन्सिपलचा प्रश्न आहे, म्हणे.
शेवटी पी-ए-एल. म्हणजे मुख्याध्यापकाचा.
तत्त्वाला पी-एल-ई लागतो.
पत्राची नक्कल माझ्याकडे आली, ती मी खिळ्याला टांगली.
अजून आहे.

चार वर्षांनी लव्हडेची भाची आली, केरेन्सा.
घडी घातलेला कागद,
खाली कोरायची ओळ मावशीनं स्वतः लिहिलेली,
वयानं हललेली अक्षरं,
पण ई जागेवर,
आणि आरच्या आधी, पेन दाबून दाबून,
कागदाला भोक पडेल इतकं
ते शेपूट:
अँड यू'र माइन.

अक्षरं मोजली, पावती फाडली.
ते चिन्ह मात्र
बाकीच्यांहून थोडं खोल गेलं.
त्याचे काही घेतले नाहीत.