मूळ वतन

वरच्या खोलीत बेल्जियमचा मॅथियास राहतो, चार वर्षं झाली.
आल्या महिन्यातच त्यानं ट्यूबलाइट उतरवली,
म्हणाला, समई जास्त खरी.
मी स्टीलच्या पेल्यात चहा दिला
तर पेला उजेडात धरून असा पाहिला,
जसं मी त्याच्यापासून पितळेचं काही लपवतेय.

आता त्याच्या देशातून कुणी पाठीला सॅक लावून आलं
की जिन्यातच बजावतो:
मांडवीतलं ते दुकान टुरिस्टांचं, तिथं नको,
मी नेतो खऱ्या जागी.
खरी जागा म्हणजे
जिथं त्याच्याशिवाय दुसरा गोरा नसेल.
एकदा तिथंही एक निघाला.
दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही.
ताट अर्धं टाकून मॅथियास घरी आला,
माझ्याकडे खिचडी मागितली.

त्याचं गुजराती पुस्तकातलं, इस्त्रीचं.
माझं तो दुरुस्त करतो.
माझं मराठी दुरुस्त करायला पुण्याच्या विहीणबाई आहेत.
भाजीला मी शाक म्हणते, झोपाळ्याला हिंचका,
आमटीत गुळाचा खडा जरा मोठाच पडतो.
‘तुम्ही मूळच्या गुजराथीच का?’
मुलीच्या लग्नात, मांडवातच विचारलं त्यांनी.
आणि इथं रमीलाबेन, चाळीस वर्षांची भिंतीला भिंत,
अजून सुरू करतात, ‘तमारा मराठी लोकोमां…’

परवा त्याच्या कागदांसाठी चौकीत गेलो.
त्यानं आपला रकाना भराभर भरला,
गाव, रस्ता, घराचा नंबर, सगळं पाठ.
मग घरमालकाचा रकाना.
नाव: उषःप्रभा दिघे.
मूळ वतन:

कुणी एक दिघे फौजेच्या मागून आला म्हणतात,
घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहायला.
किती पोती, किती शेर, सगळं लिहिलं असणार त्यानं.
निघालो कुठून, ते नाही.

‘लखो ने, बेन,’ हवालदार म्हणाला, ‘लाइन लांबी छे.’
मॅथियासनं वही काढली होती.
असं काही दिसलं की तो टिपून घेतो.
मग का कोण जाणे, मिटली.
मी लिहिलं: दांडिया बजार, पिठाच्या गिरणीवर.
हवालदारानं न वाचता शिक्का मारला.

बाहेर भूक लागली.
समोर सेव उसळ: प्लास्टिकच्या खुर्च्या,
भिंतीवर स्वित्झर्लंडचा धबधबा,
नुसताच आवाज करणारा पंखा.
त्याला न आवडणारं झाडून सगळं.
तरीही बसला. तिखट वरून मागून घेतलं,
घाम पुसला,
आणि जास्तीचा पाव मागताना
लिंग चुकलं, वचन चुकलं.
पोऱ्यानं दोन आणून ठेवले.
एक मी घेतला.