चीक

जुलैत किनांगोपच्या पठारावर पहाटेचं दव गोठतं.
तसल्या पहाटे तू पडलीस,
आणि तुझी आई उठलीच नाही.
कान गार, मान कुशीवर वळलेली,
अंगातला सगळा चुना कासेत उतरून गेलेला.
काम्वेरूची मोटरसायकल, बाटली, सुई
वेळेवर निघाली, उशिरा पोचली.

सहा तास, काम्वेरू म्हणाला.
सहा तासांत चीक पोटात गेला तर गेला,
मग आतडं दार लावून घेतं.
तू उभं राहायला बघत होतीस,
चार पाय, चार दिशांना.

मी बांधाकडे पाहिलं.
पलीकडे न्यागुथी.
नेपियरच्या दोन ओळींवरून तीन वर्षं
आम्ही चर्चमध्येसुद्धा वेगळ्या बाकांवर.
तिची गाय रात्री व्यालेली, हे मला ठाऊक होतं.
न बोलणारी माणसं
एकमेकांचे गोठे नीट ऐकतात.

वाटेत जुळवलेली वाक्यं लागली नाहीत.
तिनं माझ्या हातातली रिकामी किटली पाहिली,
घेतली, भरली.
पिवळा, दाट, ओघळताना रेंगाळणारा चीक.
अंगाइतका कोमट कर, म्हणाली, घाई करू नको.
एवढंच.

माझी बोटं तुझ्या तोंडात, तोंड बादलीत.
तू आधी बोटं ओढलीस, मग चीक,
मग बादलीला अशी ढुशी दिलीस
की मी शेणात बसले आणि हसले,
त्या पहाटे, तुझी आई तशीच पडलेली असताना.

नंतरचे महिने दूध विकत घेऊन दूध पिकवायचे.
घरात कोरा चहा. मुगुरे कुरकुरायची:
वासराला साय, आम्हाला पाणी.
दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर दाणा, कोवळं वाळलं गवत.
एका दुपारी पाहिलं तर
तू बसलेली, तोंडात घास नाही, जबडा हलतोय.
पोटातलं परत आणून निवांत चावत होतीस.
त्या दिवशी तू गाय झालीस.

दूध तोडलं तेव्हा तीन रात्री हंबरलीस.
बांधापलीकडे कुणीतरी खोकलं.

महिन्याला एकदा छातीभोवती फीत.
कालवड लाडानं पोसायची नाही, हिशेबानं पोसायची,
नाहीतर कासेत चरबी भरते, दुधाला जागा राहत नाही.
मला हे मुलींच्या बाबतीतही कधी जमलं नाही.
फेब्रुवारीत नेपियर पिवळं पडलं,
नैवाशाकडून गवताचा ट्रक आला,
आणि शिवणयंत्र मी विकलं नाही,
नुसतं पुसून ओट्यावर आणून ठेवलं होतं.

मग तू गाभण. शेवटचे दोन महिने
आंबोणात रोज थोडी भर.
चुना आत्ता नको, काम्वेरू म्हणाला, व्याल्यावर.
मी पुन्हा विचारलं.
रात्री फोन करून पुन्हा विचारलं.

तू व्यालीस तेव्हा
वासराआधी मी तुझे कान धरले.
ऊन होते.
मग चीक काढला, वासराला पाजला,
उरलेला त्याच किटलीत घेऊन बांध ओलांडला.
न्यागुथी दारातच म्हणाली,
वासराचं पोट भरलं?
भरलं.
मग ठेव.

आता सहावा आठवडा.
संस्थेच्या गाडीला दोन कॅन जातात
आणि तुझ्या पुठ्ठ्याची हाडं वर आलीत.
दूध पुढे धावतं, तोंड मागे पडतं;
कितीही घाल, गव्हाण रिकामी.
ह्या दिवसांत गाय स्वतःलाच खाते, असं आई म्हणायची.
मी रात्री कंदील घेऊन उठते, आणखी घालते.

आज उजाडताना गव्हाणीत नेपियरचा भारा होता.
बांध्यांची गाठ माझ्या हातची नव्हती.
जाऊन पाहिलं, त्या दोन ओळींतली
एक कापलेली, एक तशीच उभी.
भांडण अर्धं मिटलं म्हणायचं
की अर्धं राहिलं,
कुणाला विचारू?
तू खात होतीस.
खाऊन झाल्यावर बादलीला ढुशी दिलीस,
पाणी.