शिकाऊ, वॉर्ड चार

जूनमध्ये नऊजण पाठवले ऑफिसने.
निळे एप्रन, घडीच्या खुणा अजून न मोडलेल्या,
आणि बॅजवर नावाहून ठळक अक्षरांत: शिकाऊ.
मी म्हटलं, आधी बूट बदला. फरशी ओली असते,
आणि इथे धावायचं नसतं, भरभर चालायचं असतं.
फरक आठवड्याभरात कळेल. पायांना.

शबिस्ता तांबोळी, घोरपडी पेठ.
बारावी, मग तीन वर्षं लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात.
तिला चादरीचा कोपरा शिकवायला गेले
तर तिने गादीखाली हात सारला, तिरपी घडी मारली,
वरून तळहात फिरवला,
गिऱ्हाइकापुढे पदर पसरतात तसा.
एक सुरकुती नाही. मी बत्तीस वर्षं करतेय,
माझ्या खाटेला असते एखादी.

नाडी मात्र तिला सापडेना.
रुग्णाचं मनगट धरायची आणि श्वास स्वतःचा रोखायची.
अंगठा नको गं, अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
तू तुलाच मोजत बसशील.
हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

मयूर कुचेकर, मांजरीचा. उंच, बुजरा.
बेडपॅन नेताना वर फडकं टाकायला कधी चुकला नाही,
पण रुग्ण रडायला लागला की
आपल्या हातांचं काय करावं त्याला कळायचं नाही.
खिशात घालू नकोस, म्हटलं.
मग काय करू, सिस्टर?
तेवढ्यात सहा नंबरची सलाइन संपली.

आठ नंबरला बेहेरे सर. निवृत्त, व्याकरणवाले.
डावा पाय प्लॅस्टरमध्ये, जीभ ठणठणीत.
"सर, पानी देऊ?"
"पाणी. जीभ मागे वळव, टाळूला टेकव. पुन्हा म्हण."
ती पुन्हा म्हणायची. ग्लास हातात तसाच.
गोळ्यांची वेळ टळायची, मी चिडायचे,
कोणावर ते ठरायचं नाही.

दिवाळीच्या आठवड्यात सरांना झटका आला.
आयसीयूतून परत आले तेव्हा
अर्धा चेहरा उतरलेला, आणि शब्द
बहुतेक तिकडच्याच खाटेवर राहिलेले.
चमच्याने चालेल, डॉक्टर म्हणाले, जपून.

रात्रीचे तीन. मी दारात, ती आत.
सरांच्या ओठांतून काहीतरी सांडलं: पा... नी.
मला वाटलं, आता ही बोलेल.
तिने खाटेचं डोकं उचललं, उशी सारखी केली,
हनुवटी जराशी खाली घेतली. अर्धा चमचा.
घसा हलेपर्यंत दुसरा भरलाच नाही.
"हो सर," म्हणाली, "पानीच."

वर्ष संपलं तेव्हा सात उरले होते. जागा तीन.
ऑफिसचा फोन: सिस्टर, नावं क्रमाने द्या.
मुलाखतीला मीही बसले, कोपऱ्यात.
साहेब म्हणाले, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
शबिस्ता म्हणाली, "नाइटला नको, सर. बाकी कुठंही."
मयूर काहीच बोलला नाही. हात टेबलावर ठेवले होते,
दोन्ही, उघडे, कुणी तपासायला मागितल्यासारखे.

मी त्याला चौथा लिहिला होता.
तीन आणि चारच्या मधे
माझ्या अक्षराशिवाय दुसरं काही नव्हतं.

आता तो बाणेरला असतो, एजन्सीतर्फे,
एका आजोबांकडे बारा तास. खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे.
शबिस्ताला परमनंटचं पत्र मिळालं,
पेढे वाटले तिने, आठ नंबरलाही ठेवला एक,
तिथे आता दुसरंच कुणीतरी आहे.

परवा मयूरचा मेसेज आला:
सिस्टर, हातांचं कळलं.
काय कळलं ते लिहिलेलं नाही.
दोनदा टाइप केलं, पुसलं.
नवे आलेत, अकराजण. दारात उभे आहेत,
अकराच्या अकरा, चपला घालून.