आठव्या दिवसाची मोजणी

सकाळी साडेसातला गुंडाळ्या सोडतो.
ओला खाकी कागद, आत पन्नास दाणे,
आणि उलगडताना येणारा तो वास:
भिजल्या पाट्यावरच्या डाळीसारखा, जरासा दुधाळ.
शेंडा पार्कातली मागची खोली. पंखा बंद.
वाऱ्यानं मुळं सुकतात.

बत्तीस वाण. नावं थोड्यांनाच, बाकी आकडे.
अकरा नंबरचं मूळ बारा सेंटीमीटर,
सरळ, जणू परेडला उभं.
एकोणीस आखूड, पण अंगभर लव फुटलेली.
सव्वीस काबुली, लक्ष्मीपुरीतल्या पोत्यात शोभेल असा टपोरा, गोरा,
आणि पन्नासातले अकरा आतल्या आत कुजलेले.
एकतीस गारगोटीकडच्या एका डब्यातला.
डब्यावर बिस्किटं खाणारी मुलगी,
आत राख, राखेत बुटका, सुरकुतलेला हरभरा.
नावाच्या रकान्यात मी लिहिलंय : स्थानिक.

मूळ वाकडं असेल तर दोरा लावतो त्याच्या वळणानं,
मग दोरा ताणून पट्टीवर धरतो.
वळण कुठं लिहायचं, त्याला रकाना नाही.

हौसाक्का शेजारी पुड्यांवर नंबर घालतात.
तेवीस वर्षं रोजंदारीवर,
दर सहा महिन्यांनी नव्यानं.
"ह्यो गुलाबी फुलंल," त्या बोट न लावता म्हणतात,
"आनि ह्यो पांढरा."
कोंबाच्या बुडाशी जांभळी झाक,
मला भिंगाखाली दिसते, तीही कधीकधी.
या एका वाक्यासाठी
मी प्रबंधात चार पानं राखून ठेवलीत, संदर्भांसकट.

एकतीसची गुंडाळी सोडली तर
कुणी सात, कुणी चौदा, एक हिरवट, तीन जांभळे,
एकानं मूळ वर आणि कोंब खाली धरलेला.
"एका डब्यात सगळी भावकी कोंबलीया," हौसाक्का हसल्या.
सर म्हणाले, शुद्ध नाही, गाळून टाक,
आकडे बिघडवतोय.

रात्री संगणकावर तक्ता आला.
वाणांमुळं किती फरक, त्याची एक ओळ.
मांडणीमुळं किती, त्याची एक.
आणि खाली, ज्याचं कारण कुणालाच देता आलं नाही,
त्या सगळ्याला आम्ही म्हणतो : चूक.
दुसऱ्या दिवशी हौसाक्कांनी बोट ठेवून विचारलं,
"ही कुनाची?"
मंगळवारी तीन तास लाइट नव्हती, मी सांगितलं.
खिडकीकडची ताटली जरा जास्त गार.
आणि बावीस नंबर मोजताना घरून फोन आला होता,
तेव्हा दोरा हातात होता की नव्हता
आता आठवत नाही.
"मग एवढीच कशी?" त्या म्हणाल्या.

शेवटचं काम वजनाचं.
जोम किती ते कळायला रोप वाळवावं लागतं,
ऐंशी अंशांवर, चोवीस तास.
सगळ्या पुड्या भट्टीत गेल्या,
सरळ, वाकड्या, जांभळ्या, हिरव्या,
आणि खोलीभर भाजल्या हुळ्याचा वास सुटला,
इतका खरा, की वॉचमन डोकावून गेला.

एकतीसच्या पुडीत एक रोप कमी भरलं.
मी एकोणपन्नास लिहिलं. सर्वांदेखत.

नळाशेजारी रंगाचा एक रिकामा डबा आहे,
पूर्वी त्यात काहीच नव्हतं.
आता त्यात माती आहे, आणि उलटं मूळ धरणारं ते,
अजून ठरवतंय वर कुठं आहे.
काय रंगाचं फुलणार, मी विचारलं.
हौसाक्कांनी वाकून बराच वेळ देठ पाहिला,
पदरानं हात पुसले.
"ह्याचं सांगता येत न्हाई," म्हणाल्या,
आणि हजेरीवर अंगठा द्यायला गेल्या.