हिमकुंपण

संध्याकाळी सातला दाराशी यंत्र टिंग करतं,
कार्ड घासलं की हजेरी लागते.
आठवड्याचे दहा तास. कमी भरले
तर रविवारी पहाटे स्टेडियमच्या पायऱ्या,
एकट्याने नव्हे, अख्ख्या संघाने.
मी इथे खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवते,
लारामीत, सात हजार फुटांवर,
जिथे वारा गाडीचं दार हातातून हिसकावून घेतो.

अमादेओ क्विंटाना. कुस्ती. गट एकशे सत्तावन्न पौंड.
गुरुवारी माझ्यासमोर बसतो तेव्हा
दोन दिवस धड जेवलेला नसतो.
बाटलीत थुंकतो, माफी मागतो,
मग विचारतो, प्रमाणित विचलन, म्हणजे नेमकं काय विचलतं?
मी म्हणते, सरासरीपासून कोण किती लांब उभं आहे, ते.
तो खोलीभर नजर फिरवतो.
गोळाफेकवाली झोपलीय, गुडघ्याला बर्फाची पिशवी,
एस्टोनियाचा पोहणारा, केस ओले, पुस्तकाला क्लोरीनचा वास,
कोपऱ्यात दोघी धावणाऱ्या, एकाच हेडफोनमध्ये.
"म्हणजे आम्ही," तो म्हणतो.

त्याने ऑनर्सचा अर्ज भरला तेव्हा
कचेरीतल्या बाईंनी गुणपत्रिका उलटून मागची बाजूही पाहिली,
खोटं नाणं पाहावं तशी.
विषय: हमरस्त्याकडेची हिमकुंपणं.
त्याचा बाप रॉलिन्सहून बर्फाचा नांगर चालवतो,
रात्री दोनला, ट्रकांच्या रांगेपुढे,
काचेपलीकडे नुसतं पांढरं.

फेब्रुवारीत गुडघा गेला.
आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आला म्हणे.
मी तिथे नव्हते. मला कुस्ती बघवत नाही,
हे मी त्याला चार वर्षांत सांगितलेलं नाही.
शिष्यवृत्तीचं पत्र दर जुलैला येतं, एका वर्षापुरतं,
घरभाड्याच्या कराराइतकंच प्रेमळ.
ट्रेनर म्हणाले, बघू. प्रशिक्षक म्हणाले, बघू.
तो कुबड्या भिंतीला टेकवून
वाऱ्याच्या नोंदी भरत बसला,
अकरा हिवाळे, तासातासाने.

एप्रिलमध्ये सादरीकरण. तीन प्राध्यापक, पाण्याचा जग.
एकाने विचारलं, फळ्यांमध्ये फटी कशाला?
सलग भिंत जास्त मजबूत नाही का?
"भिंत अडवते," तो म्हणाला, "म्हणून वारा वरून उडी मारतो
आणि सगळा बर्फ भिंतीला खेटूनच टाकतो.
भिंत लवकर भरते, मग काही उपयोग नाही.
फटी ठेवल्या की थोडा वारा आत शिरतो, मंदावतो,
हातातलं ओझं पलीकडे लांबवर, हळूहळू ठेवत जातो.
कुस्तीत पण..."
आणि थांबला. पुढचं वाक्य त्याने गिळलं.
सवयच होती त्याला, गिळायची.

शेवटच्या रांगेत त्याचा बाप, नारिंगी जाकीट,
पाळी संपवून तडक आलेला.
प्रश्न विचारायची परवानगी पाहुण्यांना नव्हती, तरी हात वर.
"दोनशे एकावन्नाव्या मैलाला कुंपण आहे,
तिथे मी दर वर्षी अडकतो. का?"
"ते खळग्यात रोवलंय, अपा."
बाप बराच वेळ गप्प.
मग प्राध्यापकांना म्हणाला, "बरोबर बोलतोय तो,"
जणू निकाल त्यांच्याकडे नव्हताच.

आता मे. तास त्याला माफ झालेत,
पत्र यायला अजून दोन महिने.
सातला टिंग होतं. कुबडीचा आवाज, एकच उरलीय.
तो नव्या पोराजवळ बसतो, एकशे पंचवीसवाला,
डॅग्नी स्टाइनरचा भाऊ, गालफडं बसलेली,
वहीवर एक रेघ, रेघेपासून लांब काही ठिपके.
"यातला मी कुठला?" पोरगा विचारतो.
अमादेओ डब्यातलं सँडविच अर्धं तोडून
त्याच्यापुढे सरकवतो,
मग आठवतं, उद्या याचं वजन आहे.
मागे घेतो.
खात मात्र नाही, तोही.